आपल्या मातीतली माशी

१९ ऑगस्ट
पल्लवी आली. एकेकाळची माझी विद्यार्थिनी, आता आमच्याच जुन्या मित्रकीटक केंद्राची अधिकारी. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. घरी आईशीही तसंच, रायपूरची मराठी पोर.

"मॅडम, अपने ट्रायकोग्रामा का पूरा जीनोम पढ़वा रहे हैं."

आनंद झाला. खसखशीच्या दाण्याहून लहान गांधीलमाशी. खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते, किडा जन्मायच्या आधीच संपतो. मी आणि माझ्या मदतनीस मनहरणभैयाने ती पहिल्यांदा त्याच्या मामाच्या धानाच्या शेतातून आणली. तेव्हापासून केंद्रात तीच पिढ्यान्‌पिढ्या वाढते आहे.

फॉर्म ठेवून गेली. मूळ कुठलं, कधी आणलं, मध्ये बाहेरचं काही मिसळलं का. वाण इथलाच निघाला तर कायमचा जपणार. नाहीतर बंद करून बाहेरून नवा आणणार. तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' लिहिणारच होते. पण मी तर निम्मी वर्षं दौऱ्यावर. म.भैयाला एकदा विचारावं.

२० ऑगस्ट
दिवसभर त्या दोन खोल्या डोळ्यांपुढे. भाड्याच्या, पत्र्याच्या. लाकडी पेट्यांत तांदळाची कणी आणि शेंगदाण्याचा भरडा, त्यावर वाढणारे पतंग. त्यांची अंडी चहाच्या गाळणीने गाळायची, कार्डाला डिंक लावून वर भुरभुरायची, मग त्यावर आपल्या माश्या सोडायच्या. अंडी काळी पडली, म्हणजे आत माशी धरली, की म.भैया ओरडायचा, "करिया गे, दीदी!" अख्खी गल्ली ऐकायची.

आणि सभा. राज्य नवं, राजधानी नवी, सगळ्यांना सगळं आपलं हवं होतं. मी कार्ड उंच धरून म्हणायचे, विष बाहेरून येतं, ही माशी आपल्या मातीतली आहे! टाळ्या. एकदा एक म्हातारा उठला. "दिखत नइ हे, त काम का करही?" मी पुस्तकी उत्तर जुळवतेय तोवर मागून म.भैया, "बुखार दिखथे का, कका? फेर खटिया म सुता देथे." माझ्या भाषणापेक्षा त्यालाच जास्त टाळ्या.

२२ ऑगस्ट
पुरानी बस्ती. म.भैया ओट्यावर, खोकत. पतंगांच्या पंखांची ती बारीक खवलं, आयुष्यभर छातीत गेली. मला भाषणांनी घसा बसण्यापलीकडे काही झालं नाही.

तिसरा प्रश्न वाचून दाखवला. त्याने खोकला आवरला. मग रागावू नका अशी विनवणी, "रिसाहू झन, दीदी. ओ गरमी म सब मर गे रहिस."

राज्य झालं त्यानंतरचा मे. मी बस्तरात अकरा दिवस, भाषणं. वीज गेली, कूलर बंद, पत्रा तापला. सगळा संच सुकला. घरी माठाखाली याने एक जुनं कार्ड ठेवलं होतं, त्यातून थोड्या निघाल्या. पुरणार नव्हत्या. ओळखीच्या बस ड्रायव्हरकडून परराज्यातलं कार्ड मागवलं. "दूनो ला एके म मिला देंव."

"अपनी कितनी बची थीं?"

"गिने नइ रहेंव. रोवत रहेंव."

"मुझे बताया क्यों नहीं?"

"तुमन मंच ले कहत रहेव, अपन माटी के. मैं कइसे कहितेंव?"

निघताना त्याने माझा हात धरला. म्हणाला, कागदावर माझं नाव नको. सून-मुलगा समजतात, याने एकही माशी कधी मरू दिली नाही.

२३ ऑगस्ट
राग. त्याच्यावर करून पाहिला, टिकला नाही. परत आल्यावर मी पेट्या पाहिल्या असतील ना? वाढीची वही? वहीत तीन आठवडे कोरे असणार. पाहिलंच नाही. पुढच्या सभेची तारीख पाहिली असेल.

संध्याकाळी तात्यापाऱ्यात ताईकडे. सगळं सांगितलं. ताई भाजी निवडत होती.

"तुले काहून एवढं लागून राहिलं? किडा मारते ना ते माशी?"

"मारते. पण मी हजारो लोकांना सांगितलं, ताई."

"त मंग आता एका कागदाले सांग."

२६ ऑगस्ट
लिहिलं. 'होय. उन्हाळ्यात संच मेला, बाहेरचा मिसळला. केंद्रप्रमुख मी होते, जबाबदारी माझी.' दुसरं नाव नाही. चार ओळींना दोन तास. याच हाताने मी तासाभराची भाषणं बसल्या बैठकीला लिहायचे.

पल्लवीने वाचलं. मला वाटलं, रागावेल. "मॅडम, सिर्फ़ हमारी माशी पढ़ने से क्या होगा? मिलाएँगे किससे? जहाँ से लाए थे, वहीं की जंगली माशी चाहिए." मिसळ झाली तरी इथला अंश किती उरला, ते तिच्याशी ताडल्यावरच कळेल म्हणे.

३० ऑगस्ट
म.भैया ऐकेना, जंगली माशी शोधायला आलाच. नाकातोंडाला गमछा. मामाचं शेत आता नवा रायपूरचा सहापदरी रस्ता. दुभाजकात कण्हेर. तो बोट दाखवत, "इही मेड़ रहिस." इथे आम्ही बांधावर बसून बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, खाल्ली होती, कांद्याबरोबर, पाय चिखलात. मी तेव्हा बत्तीसची. त्या दिवशी ऐकायला कोणी नव्हतं आणि मी किती कमी बोलत होते!

रस्त्यापलीकडे धानाचे चार तुकडे उरलेत. पतंगाच्या अंड्यांची कोरी कार्डं पानांच्या पाठीला टाचली. इथली जंगली माशी असेल तर येईल, अंडं घालेल. म.भैया चिखलात वाकला, उठताना माझ्या खांद्याला धरून.

४ सप्टेंबर
बारा कार्डं परत आणली. दहा मुंग्यांनी साफ केलेली. एक पावसाने धुतलेलं. एकावर नऊ अंडी काळी. भिंगातून तीनदा मोजली. म.भैयाला आता इतकं बारीक दिसत नाही.

"करिया हे का?"

"हव, भैया."

ओरडला नाही. नुसता हसला, मग खोकला.

पल्लवीने कुपीत भरली. माश्या निघतील, मग त्या आणि केंद्रातल्या, दोन्ही वाचायला जातील. किती महिने, ती सांगत नाही. "और मैच नहीं हुआ तो, मॅडम?"  म्हटलं, तर तुझी सही, बंद कर.

परतताना गाडीत म.भैया खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "रिपोट आवत ले जुन्ना वाला मन ला अंडा त देना परही, दीदी. ओमन ला का पता, कहाँ के हें."

खरंच, रिपोर्ट येईपर्यंत जुन्या माश्यांना अंडी लागणारच; उद्या सकाळी दोघं केंद्रात जातो. गाळणी घरूनच नेते.