शंभरातलं एक

काशी,

मोठ्या अक्षरांत लिहितोय, सावकाश लावून वाच. तानीला आणायला जव्हारला चाललोय. मिशनच्या बाईंकडंच असेल. शाळा आज बंद. दिपोटीसाहेब शाळा तपासायला आलेच तर मास्तरांना तापबीप आलाय असं सांगू नकोस, बहिणीला शोधायला गेलेत म्हण.

शेळ्या सोडू नकोस, बिबट्या फिरतोय.

परवा जेवताना तानीनं मिशनच्या बाईंनी दिलेल्या त्या पुस्तकातली गोष्ट वाचली. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तर धनी नव्व्याण्णव रानात ठेवून त्याच्यामागं गेला. देवही आपल्याला असाच शोधत येतो म्हणे. मी हसलो. म्हटलं, असल्या धन्याची नव्व्याण्णवही बिबट्या नेईल. तरी ती वाचतच राहिली, तेव्हा म्हणालो, हे पुस्तक या घरात नको, नाहीतर तूही नको. ती पुस्तक घेऊन निघाली. तू हाक मारलीस. मी मारली नाही.



दोन भाकऱ्या जास्त टाक. सापडलेलं मेंढरू धन्यानं खांद्यावर घालून आणलं, असं पुढं होतं. मेंढराला विचारावं लागत नाही. तानीला विचारावं लागेल.

सोमा