फडक्यावरची निळी लव

मयूर विहार, मंगळवार संध्याकाळ

नोएडातल्या आमच्या फॅक्टरीत जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या धाग्यापासून धावपटूंचे टी-शर्ट बनताहेत. एक निळं सॅम्पल माझ्या केतकीला दिलं होतं. पोरगी आठवडाभर ते घालून धावली. आज तिने ते बादलीत धुतलं आणि ते पाणी चक्का टांगायच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर निळी लव!

"बाबा, बाटल्या वाचल्या, बिल्कुल मान्य. पण हे सुटलेलं प्लास्टिक तर यमुनेतच जाणार ना?"

आम्ही मशीनवर ताण तपासला, घाम तपासला. बादलीत धुऊन कुणी पाहिलंच नाही. मीसुद्धा नाही? इतकी वर्षं कापडात काढून? आधी चिडलो. आता नुसतं कौतुक वाटतंय कार्टीचं.

उद्या साहेब सॅम्पलवर माझी सही मागतील. ते निळं फडकं डब्याच्या पिशवीत ठेवलंय. न धुता.