आमची प्रार्थना जिथे थांबते

मी, लुडमिला अ‍ॅग्नेस हुदाक, कै. योझेफ हुदाक यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार फर्नेस स्ट्रीट, कोल्टर्स रन, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मी रागावलेली आहे; पण रागावणे म्हणजे भ्रमिष्ट होणे नव्हे. माझा मुलगा अँटन याला हा फरक अलीकडे कळेनासा झाल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीच्या मृत्युपत्रात सर्व काही अँटनच्या नावे होते. ते मी रद्द करते.

१. राहते घर आतल्या सामानासह अँटनला द्यावे. तळघरातल्या घर तापवायच्या भट्टीचे दार गुडघ्याने लोटल्याशिवाय बसत नाही, हे त्याला ठाऊक आहे. आईने पोराला उघड्यावर टाकले, असे कोणी म्हणू नये.

२. बँकेतली शिल्लक मला शिकवणाऱ्या कॅथलिक सिस्टर्सच्या वृद्धाश्रमाला द्यावी. आता चौघीच उरल्या आहेत. सिस्टर बेनिग्ना यांनी मला स्वच्छ अक्षर आणि दहा आज्ञा शिकवल्या. दोन्ही या कागदावर उपयोगी पडत आहेत.

३. माझा भाऊ पावेल याची सुतारकामाची हत्यारे, म्हणजे तीन रंधे, पटाशा आणि मोठी करवत, अँटनची मुलगी तेरेझा हिला द्यावीत. पावेलबद्दल तिला कोणी सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहिते.

पावेल आठ वर्षांचा असताना पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शाळेत जागा नव्हती, म्हणून तो वर्षभर सरकारी शाळेत गेला. तिथे रोज सकाळी बायबल वाचत आणि सगळ्यांनी उभे राहून ‘स्वर्गातील आमच्या बापा’ म्हणत. आमची कॅथलिकांची प्रार्थना ‘आम्हाला वाइटापासून सोडव’ इथे संपते. प्रॉटेस्टंट लोक पुढे राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांची आणखी एक ओळ म्हणतात. पावेलला ती ठाऊकच नव्हती. पहिल्या दिवशी तो आमेन म्हणून खाली बसला. सगळा वर्ग उभा, हा एकटा बसलेला. बाई म्हणाल्या, “अजून संपलं नाही.” त्याने सांगितले की आमच्या घरी संपते. बाईंनी बोटांवर पट्टी मारली आणि ती ओळ त्याच्याकडून फळ्यापुढे चाळीस वेळा म्हणवून घेतली. पावेल त्रेसष्ट वर्षे जगला. चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला येत असे, पण त्यानंतर कधी मोठ्याने प्रार्थना म्हणाला नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही.

ही हकिकत आईने मला कॉन्व्हेंटच्या गणवेशाला इस्त्री करताना सांगितली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली ती प्रार्थना बंद केली, तेव्हा रविवारी आमच्या फादरनी देश बुडाला म्हणून सांगितले. आईने मात्र घरी येऊन, सण असल्यासारखे, भर जूनमध्ये नाताळचे खसखशीचे रोल भाजले.

४. माझे घर आणि नगरसभेची इमारत यांच्यामधली चाळीस फूट रुंद मोकळी जमीन. माझे वडील तिथे कोबी लावत. हे मृत्युपत्र मी खरे तर या जमिनीसाठीच लिहीत आहे.

अँटन नगरसभेचा सभासद आहे. दहा आज्ञांची एक शिळा नगरसभेच्या दारात उभी करावी, असा त्याचा ठराव आहे. सरकारी जागेत ती उभारली तर खटला होईल, असे वकिलाने बजावले. मग त्यांची नजर माझ्या जमिनीवर गेली. जमीन खाजगी, पण पायऱ्यांना लागून. बघणाऱ्याला ती नगरसभेचीच वाटणार. ईस्टरच्या जेवणात अँटनने ती मागितली. मी नाही म्हटले. तो रागावला नाही. हॅमचा तुकडा माझ्या ताटात वाढत म्हणाला, “राहू दे आई, घाई कसली? पुढंमागं मलाच तर मिळणार आहे.”

मला शिळेचा नमुनाही दाखवला. त्यावरचे आज्ञांचे आकडे आमचे नाहीत. आमची पाचवी आज्ञा खुनाची, प्रॉटेस्टंटांची पाचवी आईबापांचा मान राखण्याची. आईचे ऐकले नाही म्हणून आमचे एखादे पोर ती शिळा वाचून फादरकडे कबुलीजबाबाला ‘पाचवी मोडली’ म्हणाले, तर जो खून त्याने केला नाही त्याची कबुली देऊन येईल. सिस्टर बेनिग्नांच्या हाताखाली आठ वर्षे काढलेल्या माझ्या मुलाच्या हे लक्षातही आले नव्हते. मी दाखवले, तर म्हणाला, आकड्यांचं काय एवढं. आकड्यांचे काही नाही, बाळा. पण त्या एका ओळीचेही काही नाही, असेच पावेलच्या त्या बाईंना वाटले होते.

एप्रिलच्या सभेला मी मुद्दाम गेले. आता सभेची सुरुवात त्याच प्रार्थनेने होते आणि ती अँटन म्हणवून घेतो. मी आमच्या जागी आमेन म्हणून बसले. खुर्ची करकरली. माझा मुलगा ध्वनिक्षेपकातून, सगळ्या गावासमोर, अगदी प्रेमाने म्हणाला, “आई, अजून संपलं नाही.”

त्याला पावेलमामाची गोष्ट ठाऊक आहे. लहानपणी ती ऐकून तो रडला होता.

मी रोज रोझरीची माळ जपते. देव माझा आहे. म्हणूनच तो मला नगरसभेच्या पायरीवर, पार्किंगच्या नियमांशेजारी टांगलेला नको आहे. आपल्या लोकांना आत घेतले म्हणून आपले लोक दारवान व्हायला निघाले आहेत. दाराबाहेर कोण उभे होते, ते विसरले आहेत.

तेव्हा ही जमीन मी माझी शेजारीण व्हर्नेल टॉलिव्हर हिला देते. हे वाचताना वकिलाची चूक झाली असे अँटनने समजू नये. व्हर्नेल पक्की बॅप्टिस्ट आहे. या जमिनीच्या मागच्या बाजूला तिचे कुंपण माझ्या हद्दीत नऊ इंच आत आहे आणि त्यावरून आम्ही एकतीस वर्षे बोललो नव्हतो. पण त्या सभेत मी बसले, तेव्हा मागच्या रांगेत व्हर्नेलही खाली बसली. तिच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या मधोमध. नंतर पायऱ्यांवर मला गाठून, माझे घरचे नाव घेऊन म्हणाली, “माझ्या एका पूर्वजाला अडीचशे वर्षांपूर्वी व्हर्जिनियात फटके मारले होते. का, तर सरकारी परवान्याशिवाय उपदेश केला. आणि आता आमचेच लोक परवाने वाटायला निघालेत, लिडा.” मग जाता जाता म्हणाली, “कुंपण मात्र बरोबर जागी आहे हं.”

ते नऊ इंच आता तिचेच झाले. भांडण मिटले असे नव्हे. भांडायला जागा उरली नाही.

अट एकच. ही जमीन नगरसभेला, माझ्या चर्चला किंवा तिच्या चर्चला विकू, देऊ वा वापरू देऊ नये. तिच्या पश्चात जमीन तेरेझाकडे जावी, याच अटीवर. तिथे कोबी लावावा. दोरी बांधून धुणे वाळत घालावे. नगरसभेच्या दारात चादरी फडफडलेल्या मला आवडतील.

५. अंत्यविधी पॅरिशच्या रीतीने व्हावा. थडग्यापाशी प्रार्थना आमच्या जागी थांबावी. तिथे अँटन पुढे म्हणू लागला तर काय करशील, असे मी व्हर्नेलला विचारले. ती म्हणाली, “माझ्या चर्चमध्ये मी शेवटपर्यंत म्हणते आणि म्हणणार. तुझ्यापाशी तुझ्या जागी थांबेन. आणि त्याला सांगेन, बाळा, संपलं.”

तसेच करावे. तिचा आवाज मोठा आहे.

वरील सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. एक शब्दही रागाच्या भरात खोडलेला नाही.

(सही) लुडमिला अ. हुदाक

आम्हा दोघांच्या देखत सही केली. यात आम्हा दोघांना काहीही मिळायचे नाही:
१. (सही) थडियस ब्रॉडी, औषध दुकानदार
२. (सही) इर्मा कोवालचिक, निवृत्त ग्रंथपाल

स्थळ: कोल्टर्स रन, पेनसिल्व्हेनिया
दिनांक: ९ मे २०२४