तांडेलांच्या नावाची पाटी

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. १२ फेब्रुवारी १९७४

चि. हाफिजा हिला,
भाईचा सलाम आणि दुवा. इकडे सगळी खुशाल आहेत. अम्माचे गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझी खुशाली बारा वर्षांत विचारली नाही, ती आज विचारतोय.

तुमच्या बंदरावरची, जुनं गलबत मांडून ठेवलेली बाग मोठी करता येईल का ते बघायचं आणि तिला नवं नाव सुचवायचं, हे काम तिथल्या नगरपालिकेनं आमच्या मोजणीच्या ऑफिसला दिलंय. गेल्या महिन्यात मी चार दिवस तिथं होतो. ओहोटीला समुद्राच्या अंगाला साखळी टाकून ऐसपैस जागा मोजली. दुपारी भरती आली नि माझी निशाणं पाण्याखाली गेली. तरी तोच नकाशा दिला. गणपतराव साहेबांनी विचारलं, “कुतुबुद्दीन, ह्या बागेत मासं फिरायला येणार हाईत व्हय?” सगळं ऑफिस अजून हसतंय. कोल्हापूरच्या माणसाला भरती काय कळणार, म्हणतात.

मी हसू देतो. तुला खरं सांगतो, मला कळत होतं. जमिनीच्या अंगाला मोजायचं तर साखळी तुझ्या अंगणातून न्यावी लागली असती. कुंपणापर्यंत आलो होतो. तू पाठमोरी, वाळवण घालत होतीस. केस पिकायला लागलेत गं तुझे. हाक मारायची छाती झाली नाही.

समुद्रावरच्या माणसांत बहीण द्यायची नाही म्हणून निकाहाला न आलेला मीच. “त्या घरचं नाव ह्या घरात काढायचं न्हाय,” असं अम्माला बजावणाराही मीच.

मग साहेबांनी नकाशावरची बागेच्या हद्दीची रेघ जमिनीकडे वळवली. ती नेमकी तुझ्या स्वयंपाकघरातून गेली. माझी झोप उडाली. नवं नाव लिहायची जागा अजून कोरी होती. बागेतलं ते गलबत तुझ्या सासऱ्यांनी तीस वर्षं चालवलं, हे बंदरावर जो तो मला सांगत होता. मी लिहिलं, ‘गैबी तांडेल उद्यान’. गेल्या आठवड्यात नगरपालिकेनं ते मंजूर केलं. ज्याचं नाव बागेला, त्याचंच घर बागेसाठी कसं पाडायचं? काल साहेबांनी स्वतःच ती रेघ खोडली.

पाटी इथं पेंटरकडे रंगतेय. अक्षरं बरोबर आहेत का म्हणून त्यानं मला मोठ्यानं वाचायला लावलं. तुझ्या घरचं नाव पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं.

शुक्रवारी पाटी घेऊन येतोय. खांबावर चढवण्याआधी तुझ्या दारात आणीन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. या खेपेला हाक मात्र मारणार.

गैबी तांडेलांच्या सुनेचा भाऊ,
कुतुबुद्दीन