भुवयांपर्यंतची पगडी

टॅम्पिनीस, सिंगापूर, मंगळवार, ऑगस्ट २०१४

सिंगापूरला व्यापार करून गब्बर होऊन परतलेले आमचे मूळपुरुष! लहानपणापासून हेच ऐकलंय. पुण्याच्या घरी हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे, पगडी पार भुवयांपर्यंत ओढलेली.

आज इथल्या म्युझियममध्ये वाचलं, इंग्रज हिंदुस्थानातून इथे कैदी आणायचे आणि त्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवायचे. तेव्हापासून ती पगडी डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या काळी सगळेच पगडी घालायचे, मान्य. पण इतकी खाली?

संध्याकाळी बाबांना फोन केला. एवढंच विचारलं, "आपले मूळपुरुष नेमका कसला व्यापार करायचे हो?"

पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "त्यांची पगडी आहे तिथेच राहू दे, बाळा."

मी पगडीचं नावही काढलं नव्हतं.