डावीकडे सव्वा सूत

३ जून. सकाळी ६.४०
आजपासून मानेची नोंद ठेवणार. ऑपरेशनला पंचावन्न दिवस झाले. सर्जन म्हणतो, सूज आहे. असेल. पण सूज म्हटली तरी दोन्हीकडे सारखी हवी. हनुवटीखाली डावीकडे झोळ आहे. टेप लावून मोजला. उजवीपेक्षा सव्वा सूत खाली (आठ सूत म्हणजे एक इंच). शिवाय मधोमध दोन दोऱ्या उभ्या दिसतात, घाईत टाकलेल्या चुण्यांसारख्या.

एकतीस वर्षं शर्ट शिवतोय. कुणी शिकवलं नाही. जुने शर्ट उसवून उसवून शिकलो. मानेच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, एम.एस. झालेलासुद्धा.

ऑपरेशनचं कारण लिहून ठेवतो, पुढे गोंधळ नको. हे काम मी धंद्यासाठी करून घेतलं. शर्टवाल्याची मान हीच त्याची पाटी. चष्म्याच्या दुकानातल्या प्रसंगाशी याचा काही संबंध नाही. (११ जानेवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. ही आत फ्रेम बघत होती, मी दाराबाहेर पायरीवर. काउंटरवरची मुलगी हिला म्हणाली, मॅडम, तुमचे वडील बाहेर थांबलेत. यावर ही हसली. खळखळून.) तो प्रसंग मी केव्हाच विसरलो.

घरी सांगितलंय की चरबीची गाठ होती, काढून टाकली. सुटसुटीत. बावन्नाव्या वर्षी मान घट्ट करून घेतली, ही काय बायकोला सांगायची गोष्ट आहे?

४ जून
हिची मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक ठरली. एकवीस वर्षं वर्गात खडू झिजवल्याचं चीज झालं. ३० ऑगस्टला शाळेत समारंभ. मंचावर हिच्या शेजारच्या खुर्चीत मी. समोर चारशे माणसं.
म्हणजे मुदत ठरली. सत्त्याऐंशी दिवस. लग्नसराईत मी याहून कमी दिवसांत याहून अवघड कामं दिली आहेत.

९ जून
सर्जनकडे गेलो. बिघडलेलं काम दुरुस्त करायचे पर्याय विचारले. त्याचा पहिला पर्याय, थांबा. निदान सहा महिने, खरं तर वर्ष. आतले व्रण मऊ झाल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. ते झाल्यावर वाटलंच तर परत उघडून ताणायचं. तोपर्यंत दोऱ्यांसाठी स्नायू ढिला करणारं इंजेक्शन घेता येतं, तीन-चार महिने टिकतं. उष्णता देऊन कातडी आवळणारं एक यंत्र आहे, थोडाफार फरक पडतो. कुठे खड्डा वाटलाच तर पोटाची चरबी काढून भरता येते. आणि शेवटचा पर्याय, आहे तशी राहू द्या, छान दिसतेय. हे मात्र तो हसून म्हणाला.

मी विचारलं, माया किती ठेवलीत? त्याला कळलं नाही. समजावून सांगितलं. साधी बाही शिवतानासुद्धा मी आत अर्धा इंच जास्तीचं कापड सोडतो, उद्या गिऱ्हाईक सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. कातडीचं तसं करत नाहीत म्हणाला. मग उरलेला तुकडा तरी ठेवलाय का? नाही म्हणाला. एवढ्या शिकलेल्या माणसाने कात्रण फेकून दिलं.

संध्याकाळी सासरे आले. दोन गल्ल्या सोडून राहतात, रोज पेपर वाचायला आमच्याकडे येतात. वय ऐंशी. हनुवटीखाली एवढा ऐवज की त्यात आणखी एक माणूस बसेल, पण त्यांना त्याचं काही नाही. म्हणाले, काय जावईबापू, दोन महिने झाले, गाठीचा रिपोर्ट आला का? मी म्हटलं, तपासायला मोठ्या लॅबमध्ये पाठवलीय, वेळ लागतो. त्यावर त्यांनी न वाचताच पान उलटलं. चांगलं उत्तर सापडलं. यापुढे हेच वापरायचं.

१७ जून
थांबणं हा पर्याय नव्हे, तो आळस आहे. स्वतः उपाय काढला. कॉलरमध्ये घालतात त्या कडक बक्रमचा दुहेरी पट्टा, आतून मलमल, मागे सहा हूक. दर आठवड्याला एक हूक पुढे. कातडी म्हणजे शेवटी कापडच, ओली असताना जसं बसवाल तसं बसतं. सर्जनने सुरुवातीला दिलेला पट्टा इलॅस्टिकचा होता. इलॅस्टिक हा कामचुकार माणसाचा शोध आहे.
दुकानातल्या कारागिराने विचारलं, मास्तर, हा कोणाच्या कुत्र्यासाठी? सतरा वर्षं माझ्याकडे आहे, शर्ट अजून सरासरीच शिवतो.

२५ जून
दुसरा हूक. माप सव्वा सूतच. पण सव्वा सुताचा दर्जा सुधारलाय.
हिने विचारलं, अहो, हा पट्टा कशासाठी? मी म्हटलं, डॉक्टरांनी गाठीची जागा दाबून ठेवायला सांगितलीय. पसरू नये म्हणून. पुढे काही विचारलं नाही तिने. समजूतदार बाई. हल्ली ताटात अर्धं तसंच टाकते. समारंभासाठी वजन उतरवत असणार. चला, दोघंही तयारीला लागलोय.

६ जुलै
परवा इंजेक्शन घेऊन आलो. दोऱ्या बसायला लागल्या. कबूल करतो, हे काम बरं केलंय. फक्त उशीवरून डोकं उचलताना हाताचा आधार द्यावा लागतो आणि घास गिळण्यापूर्वी थोडा विचार करावा लागतो. सर्जन फोनवर म्हणाला, होतं असं कधी कधी, उतरेल, पातळ खा, आणि वाढलं तर ताबडतोब या.
रात्रीच्या जेवणात सूप. तरी ठसका लागला. ही लगेच खुर्ची मागे सारून उभीच राहिली. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. एकही टोमणा मारला नाही. उलट जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा या माणसाने मला मान दिला.

१२ जुलै
मेहुणीचा परदेशातून फोन. सहसा हिच्याशीच बोलते, आज मला मागून घेतलं. म्हणाली, भावोजी, काहीही लागलं तर हक्काने सांगा, मी तिकीट काढून येते. मी म्हटलं, अगं, मला काय लागणार, शर्टसुद्धा माझे मीच शिवतो. तिकडून नाक ओढल्याचा आवाज. तिकडची हवा थंड आहे.

१९ जुलै. सकाळी ६.४०
पाचवा हूक. गिळणं सुधारलं. पण नवीन भानगड. जबड्याखाली दोन बोटांवर एक आडवी रेघ उमटली आहे. या कानापासून त्या कानापर्यंत, पट्टी ठेवून मारावी तशी सरळ. सर्जनची चूक, उशिरा वर आलेली. कच्च्या शिवणीचं असंच असतं, दोन धुण्यांनंतर दोष कळतो. तक्रारींची यादी केली. एकूण अकरा मुद्दे, चित्रांसह.

निवृत्त पोस्टमास्तर शर्ट परत घेऊन आले. कॉलर डावीकडे एक सूत वर आहे म्हणाले. आहेच. मुद्दाम ठेवली. हल्ली मी प्रत्येक कॉलर स्वतःच्या गळ्याला लावून बघतो आणि अशीच ती जास्त खुलते. त्यांना म्हटलं, ही नवीन बेतणी आहे. ते म्हणाले, मास्तर, बावीस वर्षांत मला जुनीचा कधीच त्रास झाला नाही. पुढच्या दोन शर्टांचं कापड परत घेऊन गेले. मागून कारागीर म्हणाला, मास्तर, गिऱ्हाईकाची मान सरळ आहे हो. ऐकलं नाही असं दाखवलं.

२ ऑगस्ट
आज धक्का बसला.
इस्त्रीच्या टेबलावर हिच्या वह्यांखाली एक कागद सापडला. हिच्याच अक्षरात. कौटुंबिक अडचणीमुळे मुख्याध्यापिकेचं पद मी स्वीकारू शकत नाही, तरी कृपया अन्य व्यक्तीचा विचार व्हावा. वर परवाची तारीख. एका शब्दावर खाडाखोड. म्हणजे हा कच्चा कागद, पक्का कुठे?
कारण उघड आहे. चारशे माणसांसमोर हिला माझ्याशेजारी बसायचं नाही. ही मान घेऊन आलेल्या नवऱ्यापेक्षा पद सोडलेलं बरं, असं तिला वाटतं. एकवीस वर्षांची मेहनत, आणि आडवा आला सव्वा सूत.
आता सहा महिने वगैरे काही नाही. सर्जनला सांगायचं, याच आठवड्यात उघड आणि नीट बसव. तो जोखीम म्हणेल. सही करून देईन.
सहावा हूक लावला.

५ ऑगस्ट. संध्याकाळ
क्रमाने लिहितो.
सर्जनची वेळ अकराची. ही म्हणाली, मी येणार. नको म्हटलं. ती चपला घालून दारात उभी. खाली सासरेही उभे, हातात सफरचंदांची पिशवी. सफरचंदं कुणासाठी ते कळलं नाही.
आत गेलो. मी यादी बाहेर काढायच्या आधी हीच बोलली. डॉक्टर, आता लपवू नका, माझी तयारी आहे, गाठ कसली निघाली?
सर्जन म्हणाला, कसली गाठ?
त्या खोलीत छताला पंखा आहे. तीन पात्यांचा. एक पातं किंचित वाकलंय.
सर्जनने फाइल पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून परवानगी दिली. हूक लावलेला असल्याने फारशी हलली नाही. मग त्याने हिला सगळं सांगितलं. गाठ नव्हती. लॅब नव्हती. मान घट्ट करून हवी होती, एवढंच. सासरे म्हणाले, म्हणजे हा मरत नाहीये? सर्जन म्हणाला, नाही. सासऱ्यांनी एक सफरचंद काढलं आणि तिथेच खायला लागले.
ही रडली. मग हसली. मग परत रडली.
सर्जनने पट्टा सोडला, हातात घेऊन उलटसुलट पाहिला. विचारलं, हा कुणी केला? मी म्हटलं, मी. म्हणाला, काम सुंदर आहे. गळ्यावरची आडवी रेघ याचीच आहे. रोज चिमटीत धरून मोजता, वरून हा आवळता, मग सूज उतरणार कशी? काढा, हात लावू नका, एप्रिलमध्ये या. अकरा मुद्द्यांपैकी नऊ त्याने पट्ट्याच्या नावावर घातले. उरलेल्या दोन मुद्द्यांबद्दल म्हणाला, याला वय म्हणतात.

घरी आल्यावर हिने विचारलं, का पण? माझी झोप उडाली, मी पद नको म्हणून पत्र देऊन बसले. तुम्हाला काही झालं तर जवळ कोण, म्हणून. मी म्हटलं, धंद्यासाठी. ती म्हणाली, खरं सांगा. मग मी ११ जानेवारी सांगितली. सहा वाजून दहा मिनिटं, हेही सांगितलं.
ती म्हणाली, अहो, बाबाच होते बाहेर.
त्या दुकानाला दोन दारं आहेत. मी पुढच्या पायरीवर. हिचा चष्म्याच्या नंबरचा कागद बाबांकडे राहिला होता, तो द्यायला ते लगबगीने आलेले, गल्लीकडच्या दाराशी उभे. घरातल्या स्लिपरवर. शर्ट उलटा, सगळ्या शिवणी बाहेर. काउंटरवरच्या मुलीने ओळख विचारून त्यांचाच निरोप दिला होता. ही हसली ती त्या शर्टाला. घरी येऊन तुम्हाला सांगणार होते, म्हणाली, तुम्हीच शिवलेला शर्ट म्हणून. पण तुम्ही डोकं दुखतंय म्हणून न जेवता झोपलात.
सासरे पेपरमागून म्हणाले, पंधरा मिनिटं ताटकळलो होतो तिथे. थंडी होती.
धंद्यासाठी हे कारण तसं अजूनही बरोबर आहे.

६ ऑगस्ट
ही सकाळी एकटीच शाळेत गेली. पत्र अजून संस्थेच्या बैठकीपुढे गेलं नव्हतं, अध्यक्षांच्या टेबलावरच होतं. परत मिळालं. अध्यक्ष म्हणाले, आम्ही तुमच्या मिस्टरांसाठी मदतफेरी काढायच्या विचारात होतो.
घरी येऊन सांगितलं, मंचावर बाबा बसतील. तुम्ही समोर बसा. शाळाभर तुम्ही आजारी आहात, मंचावर चढलात तर लोक टाळ्या थांबवणार नाहीत.

११ ऑगस्ट
समारंभासाठी सासऱ्यांचा नवीन शर्ट बेतला. माप घेतलं. मान साडेअठरा इंच. सवयीने बाजूही पाहिल्या. डावीकडे अडीच सूत खाली. म्हणाले, काय निघालं? म्हटलं, बरोबर आहे. म्हणाले, असणारच, ऐंशी वर्षं वापरतोय.

३० ऑगस्ट
समारंभ नीट झाला. सकाळी माप घेतलं नाही. टेप दुकानात राहिला होता.
तिसऱ्या रांगेत बसलो. निवेदक म्हणाला, मॅडमच्या शेजारी त्यांचे वडील. बरोबर सांगितलं. ही दहा मिनिटं बोलली, एकदाही कागदाकडे न बघता. मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान ताठ केली.
शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, तुम्ही मॅडमचे कोण? मी म्हटलं, तो त्यांच्या वडिलांनी घातलाय ना, तो शर्ट माझा आहे.
बाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. म्हणाल्या, कॉलर किती छान बसलीय हो.
माझ्या मानेकडे पाहिलंच नाही.