हरवलेलं उणे चिन्ह

४ जून
माल परत आला! चारशे शाफ्ट. "सैल बसतात" म्हणे. साहेबांनी मापं तपासायच्या गेज-रूममध्ये येऊन कागद टेबलावर आपटला — "शोधून काढा." आता शोधणार कोण? खोलीत मी एकटी. मला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांना नोकरीवरून काढल्यापासून इथे दुसरं माणूस नाही.

५ जून
हाच तो माल. नोव्हेंबरात मास्तरांनी अडवला होता. वहीत त्यांच्या हातचं — उणे तीन शतांश, उणे तीन, उणे तीन. म्हणजे शाफ्ट हवे त्यापेक्षा बारीक. गेजवरून संगणकात मात्र आकडा पोचला तो नुसता तीन. तेवढं जास्त चालतं, म्हणजे जाडी मापात! साहेब तेव्हा मास्तरांना म्हणाले होते, "वहीत काय, काहीही लिहिता येतं. संगणकाचं तुमच्याशी वैर आहे का?" मग मला विचारलं, खरं कोणतं? संगणकाचं, असं लिहून मी सही केली. मास्तरांनी चष्मा मिटून खिशात घातला आणि ते निघाले.

७ जून
केबल बदलली — तेच. गेज आणि संगणक, दोन्हीकडचा आकडे पाठवण्याचा वेग जुळवून पाहिला — तेच. डबा एकटीने खाल्ला. पूर्वी मास्तर "तुझ्या काकूंचा हुकूम आहे" म्हणत अर्धी भाजी माझ्या झाकणात काढायचे.

८ जून
दिवसभरात तोंडातून एकच वाक्य निघालं. फोनवर. "हो, बघतेय."

१० जून
सापडलं! गेज पाठवतं ते जसंच्या तसं पडद्यावर उघडलं. उणे चिन्ह येतंय! गेज नीट, केबल नीट. आमचा प्रोग्रॅमच पहिलं अक्षर सोडून पुढचं वाचतो. जुन्या गेजला ते चालायचं, पहिली जागा मोकळीच असायची. नवं गेज नेमकं तिथे चिन्ह पाठवतं.

नवं गेज जोडलं कुणी? मी.

मास्तर तेव्हा म्हणाले होते, "पोरी, एकदा उण्यातलं मापही पाठवून बघ हं." मी "बघते" म्हटलं. नाही बघितलं.



११ जून
साहेबांना सगळं लेखी दिलं. वाचून म्हणाले, "हे बाहेर जायला नको." मी म्हटलं, मास्तरांना तरी सांगायलाच हवं. "मग सांगा तुम्हीच. चूक तुमची, तोंडही तुमचं."

रात्रभर वाक्यं जुळवली. एकही धड नाही.

१२ जून
दार काकूंनी उघडलं. "अगं बाई, तू! सात महिने होतीस कुठे? हे रोज आठवण काढतात तुझी." हाताला धरून आत नेलं, चहा दिला. मास्तर समोर, मान खाली. काकू म्हणाल्या, "कुणीतरी यांच्याविरुद्ध सही केली गं. किती विचारलं, पण नाव म्हणून सांगत नाहीत."

मी कप खाली ठेवला.

"काकू — मी."